लवचिक जोडणी बसवताना नेमके काय पाहावे

नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत, पादऱ्याच्या रस्त्यावरच्या औषधांच्या प्लँटमध्ये किंवा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहानशा युनिटमध्ये गेलात, तर पंपाच्या तोंडाशी, रिॲक्टरच्या नोझलवर (पाइप जोडायच्या तोंडावर), वाफेच्या लांब लाइनच्या मध्ये किंवा चाळणी आणि हॉपर (माल साठवायचे नरसाळे) यांच्या दरम्यान एक आखूड, वळ्यावळ्यांचा तुकडा हमखास दिसतो. कुठे तो स्टेनलेस स्टीलचा बेलोज असतो, कुठे जाळी चढवलेला होज, कुठे रबरी, तर कुठे कापडी किंवा सिलिकॉनची स्लीव्ह. काम सगळ्यांचे एकच: दोन टोके एकमेकांना जोडलेली राहावीत, आतला माल बाहेर येऊ नये आणि तरीही दोन्ही टोकांना थोडे हलता यावे.

बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत एक तरी माणूस कोयलीच्या रिफायनरीत, खत कारखान्यात किंवा कलाभवनातून शिकून एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागलेला असतो, त्यामुळे हा विषय इथल्या वाचकाला अगदीच परका नसावा. तरीही बेलोज फुटला की दोष बहुतेक वेळा बेलोजच्या मालावर ढकलला जातो. माल खराब निघतोही. परंतु वेळेआधी निकामी झालेल्या जोडणीचे कारण शोधताना आधी ती बसवली कशी होती हे पाहावे, असे माझे मत आहे. सहा इंची पाइपची भिंत नेहमीच्या जाडीची असेल, तर सुमारे ७ मिलिमीटर भरते. त्याच लाइनवरच्या बेलोजचा पत्रा मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असू शकतो. तो पातळ असतो म्हणूनच वाकतो. साऱ्या लाइनमधला सर्वांत दुबळा भाग आपण जाणूनबुजून तिथे ठेवलेला असतो, आणि त्याच्या वाट्याची ताकद भोवतीच्या अँकरमध्ये (पाइप जागेवर घट्ट धरणारा आधार), गाईडमध्ये (पाइपला फक्त लांबीच्या दिशेने सरकू देणारा आधार) आणि टाय रॉडमध्ये (बेलोजची दोन्ही टोके बांधणारे रॉड) असावी लागते.

हालचाल कोणती आणि किती

पाइप तापला की लांब होतो. साधे कार्बन स्टील दर १०० अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढते, तर स्टेनलेस स्टील १.६ मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते. वाफेची ३० मीटर सरळ लाइन ३० अंशांवरून १८० अंशांवर गेली, तर कार्बन स्टीलमध्येही ती सुमारे ५४ मिलिमीटर लांबते. ही वाढ कुठेतरी सामावली गेली नाही, तर ती नोझल वाकवते, सपोर्ट उखडते किंवा वेल्डिंगला चीर पाडते.

बेलोज तीन प्रकारे हलू शकतो: लांबीच्या दिशेने दबतो किंवा ताणला जातो, आडवा सरकतो, किंवा कोनात वाकतो. चौथी हालचाल, म्हणजे पिळा पडणे, त्याला बिलकुल सोसत नाही. ओला कपडा पिळावा तसा बेलोज पिळला गेला, तर वळ्यांच्या मुळाशी ताण साठतो आणि काही आठवड्यांत बारीक चीर दिसू लागते. म्हणूनच समोरच्या फ्लँजची (पाइपच्या टोकाची, बोल्टने जोडायची चकती) बोल्टची भोके बेलोजच्या भोकांसमोर येत नसतील, तर पहार घालून बेलोज फिरवून घेणे हा उपाय नव्हे. समोरची फ्लँज कापून पुन्हा वेल्ड करावी, किंवा बेलोजच्या एका टोकाला सैल फिरणारी फ्लँज मागवावी. दुसरा पर्याय खरेदीच्या वेळी थोडा महाग पडतो, पण शटडाऊनचे तास वाचवतो.

दाबाचा रेटा

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवे, कारण जाणत्या फिटरकडूनही ही गोष्ट निसटते.

साध्या पाइपमध्ये दाब असतो, तेव्हा तो दोन्ही टोकांच्या बेंडना एकमेकांपासून दूर ढकलत असतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण पाइपची जाड भिंत ताण घेऊन दोन्ही टोके धरून ठेवते. आता मधला तुकडा कापून तिथे बेलोज घाला. भिंतीची ती पकड तुटली. बेलोजचा पातळ वळ्यांचा पत्रा टोके धरून ठेवू शकत नाही. उलट दाब आला की तो लांब होऊ पाहतो. दोन्ही टोके कोणी धरली नसतील, तर वळ्या सरळ होईपर्यंत तो ताणला जाईल.

हा रेटा किती असतो, याचा हिशेब शाळकरी आहे: आतला दाब गुणिले बेलोजचे परिणामी क्षेत्रफळ. हे क्षेत्रफळ पाइपच्या आतल्या भोकाचे नसते, तर वळ्यांच्या सरासरी व्यासाचे असते, म्हणून ते नेहमी मोठे भरते. सहा इंची लाइनवरच्या बेलोजचा सरासरी व्यास १९० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे २८३ चौरस सेंटिमीटर येते. लाइनमध्ये सहा किलोचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो असेल, तर रेटा सुमारे १,७०० किलो होतो. दीडपट दाबाने हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, घेतली, तर तोच आकडा अडीच टनांवर जातो. बारा इंची लाइनवर सरासरी व्यास ३५० मिलिमीटर धरून हिशेब केला, तर सहा किलोलाच रेटा पावणेसहा टनांच्या घरात पोहोचतो, कारण व्यास वाढला की क्षेत्रफळ वर्गाने वाढते.

हे वजन कोणीतरी उचलायचे असते. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा, की बेलोजच्या दोन्ही बाजूंना पुरेसे भक्कम अँकर द्यावेत, म्हणजे रेटा थेट स्ट्रक्चरमध्ये किंवा पायात उतरेल. लांब, सरळ वाफेच्या लाइनला हाच मार्ग योग्य असतो, कारण तिथे बेलोजने लांबीच्या दिशेने दबणे हेच अपेक्षित असते. दुसरा मार्ग टाय रॉडचा. दोन्ही फ्लँजांना जोडणारे जाड रॉड रेटा आपल्या अंगावर घेतात आणि बाहेरच्या सपोर्टवर तो येऊ देत नाहीत. मात्र असा बांधलेला एकच बेलोज लाइनचा लांबीचा प्रसर घेऊ शकत नाही; तो आडवी हालचाल आणि कंपने तेवढी सांभाळतो. पंपाच्या नोझलवर म्हणून टाय रॉडवाला बेलोज शोभतो आणि लांब लाइनच्या मध्यावर तो निरुपयोगी ठरतो. ड्रॉइंगमध्ये काय मागितले आहे हे न पाहता स्टोअरमध्ये असेल तो बेलोज उचलून आणला, की इथे घोटाळा होतो.

पंपाचेच उदाहरण घेऊ. डिस्चार्जवर रॉड नसलेला बेलोज आहे आणि पलीकडच्या लाइनला अँकर नाही. पंप चालू होताच दाबाचा रेटा पंपाच्या केसिंगला ढकलतो. पंप डोळ्यांना हललेला दिसत नाही, पण कपलिंगचे अलाइनमेंट बिघडते, बेअरिंग तापते आणि मेकॅनिकल सील गळू लागते. सील बदलले जाते, पुन्हा गळते, पंपवाल्याला बोलावणे जाते, त्याच्याशी वाद होतो. पंप बंद असताना डायल लावून अलाइनमेंट तपासले, तर ते चोख निघते, कारण तेव्हा दाबच नसतो. सील वारंवार जाणाऱ्या पंपाशेजारी बेलोज असेल, तर पंप उघडण्याआधी त्याचे रॉड आणि पुढचा सपोर्ट बघावा.

अँकर इतकेच महत्त्व गाईडला आहे. बेलोजशेजारचा पाइप त्याच्याच रेषेत सरकला पाहिजे. तो बाजूला झुकला, तर दाबाखालचा बेलोज एका अंगाला फुगून वाकडा होतो. एक्स्पान्शन जॉइंट बनवणाऱ्यांच्या ईजेएमए या अमेरिकी संघटनेचा संकेत सर्वत्र पाळला जातो: पहिला गाईड बेलोजपासून पाइपच्या चार व्यासांच्या आत आणि दुसरा पहिल्यापासून चौदा व्यासांच्या आत. आणि दोन मुख्य अँकरांच्या मध्ये असा मोकळा बेलोज एकच असावा. दोन असतील, तर जो जरा मऊ असेल तो सगळी हालचाल अंगावर घेतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

फ्लिक्सबरो

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा दाखला रासायनिक उद्योगात आजही दिला जातो. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम तयार करणारा कारखाना होता. हेच रसायन आपल्याकडे बडोद्याच्या जीएसएफसी या खत कारखान्यातही तयार होते. फ्लिक्सबरोत उतरत्या पायऱ्यांसारखे मांडलेले सहा रिॲक्टर होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिॲक्टरला चीर गेलेली आढळली, तेव्हा तो काढून चौथा आणि सहावा रिॲक्टर २० इंची तात्पुरत्या पाइपने जोडण्यात आला. दोन्ही रिॲक्टरांच्या नोझलवर आधीपासून २८ इंची बेलोज होते, ते तसेच ठेवले गेले. रिॲक्टरांच्या उंचीत फरक असल्यामुळे पाइपला मध्ये दोन बाक द्यावे लागले. त्याचे रीतसर ड्रॉइंग झाले नाही. वर्कशॉपच्या फरशीवर खडूने आकृती काढून काम उरकण्यात आले, आणि पाइपला आधार दिला गेला तो मचाणाच्या नळ्यांचा.

आता वरचा हिशेब इथे लावून पाहा. २८ इंची बेलोज आणि नऊ किलोच्या आसपास दाब, म्हणजे रेटा तीस टनांच्या वर. पाइप सरळ असता, तर दोन्ही टोकांचे रेटे एका रेषेत आले असते. बाकामुळे ते वेगवेगळ्या पातळ्यांवर आले, त्यामुळे पाइपला फिरवणारा जोर निर्माण झाला आणि बेलोजवर आडवा ताण आला. १ जून १९७४ रोजी ती जोडणी तुटली, तापलेल्या सायक्लोहेक्झेनचा ढग बाहेर पडून पेटला आणि २८ माणसे ठार झाली. तो शनिवार होता. कामाचा दिवस असता, तर मृतांचा आकडा कितीतरी मोठा झाला असता. सरकारी चौकशीने याच तात्पुरत्या जोडणीकडे बोट दाखवले. बेलोज बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत अशा रचनेबद्दल सावधगिरी दिलेली होती, पण ती कोणी उघडून पाहिली नव्हती.

प्रत्यक्ष बसवताना

बेलोज खोक्यातून काढल्यावर त्यावर बहुधा पिवळ्या रंगाचे रॉड किंवा पट्ट्या दिसतात. त्या वाहतुकीत लांबी कायम राहावी म्हणून लावलेल्या असतात. बेलोज जागेवर बसून बोल्ट कसले गेले, अँकर आणि गाईड पक्के झाले, की मग या पट्ट्या काढायच्या आणि त्यानंतरच टेस्ट घ्यायची. बोल्ट कसण्याआधी त्या काढल्या, तर बेलोज हाताळताना लोंबतो. काढायच्या विसरल्या, तर लाइन तापल्यावर बेलोज हलूच शकत नाही. याच्या अगदी उलट चूक म्हणजे टाय रॉडलाच वाहतुकीचे रॉड समजून कापून टाकणे, आणि ती अधिक घातक आहे. शंका असेल, तर रॉड कापण्याआधी ड्रॉइंग पाहावे किंवा उत्पादकाला फोन करावा.

दोन्ही फ्लँजांमधली फट घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी, अशी चार ठिकाणी मोजावी. चारही मापे सारखी असतील, तर तोंडे समांतर आहेत. त्यानंतर पट्टी किंवा दोरी लावून दोन्ही बाजूंचे पाइप एका रेषेत आहेत का ते पाहावे. इथे साइटवर ठरलेला संवाद ऐकू येतो. “साहेब, पाच-सात एमएमचाच फरक आहे, बेलोज घेईल सांभाळून,” असे फिटर म्हणतो. आणि सुपरवायझरला संध्याकाळपर्यंत लाइन चार्ज करून, म्हणजे माल सोडून चालू करून, द्यायची असल्यामुळे तोही “बरं, घ्या ओढून,” म्हणतो. बेलोज सांभाळून घेतो हे खरेच आहे. पण त्याला जितकी हालचाल दिलेली असते, तिच्यातला मोठा वाटा तो चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) ओढल्या क्षणी खर्च करून बसतो आणि गरम झाल्यावर लाइनला जी हालचाल हवी असते, तिच्यासाठी फारसे काही उरत नाही. रबरी बेलोजच्या बाबतीत बसवतानाचा फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. धातूच्या बेलोजला उत्पादकाने आकडा दिला नसेल, तर फरक शून्यच समजावा आणि पाइप दुरुस्त करावा.

बेलोजच्या आत पातळ नळीसारखे अस्तर असेल, तर बाहेर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो. तो उलटा बसला, तर प्रवाह अस्तराच्या उघड्या तोंडात शिरून ते थरथरवतो आणि गाळ वळ्यांत साठतो. बोल्ट आमनेसामने, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत कसावेत.

लाइन कोणत्या हवेत बसवता, यालाही महत्त्व आहे. बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो आणि मेच्या दुपारी ४२ च्या पुढे जातो. या ३० अंशांच्या फरकाने ३० मीटरची स्टीलची लाइन जवळजवळ ११ मिलिमीटर लहान-मोठी होते. उत्पादकाने बेलोज अमुक इतका ताणून बसवा असे सांगितले असेल, तर तो आकडा एका ठराविक तापमानासाठी असतो. उन्हाने तापलेल्या पाइपवर तो जसाच्या तसा वापरता येत नाही.

जवळपास वेल्डिंग असेल, तर वळ्यांवर क्लोराइड नसलेला ओला कपडा गुंडाळावा. वेल्डिंगची एक ठिणगी जाड पाइपवर नुसता डाग पाडते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर तीच भोक पाडू शकते किंवा पुढे चीर पडण्याची जागा करून ठेवते. वेल्डिंगची अर्थिंगची क्लिप बेलोजच्या पलीकडच्या बाजूला लावू नये, नाहीतर करंट वळ्यांमधून जातो.

टेस्टच्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात. वायूच्या लाइनमध्ये पाणी भरले, की बारा इंची पाइपचे वजन मीटरमागे सत्तर किलोहून अधिक वाढते, आणि नेहमीचे सपोर्ट ते धरू शकतील असे नाही; तात्पुरते टेकू द्यावे लागतात. दुसरी गोष्ट पाण्याची. स्टेनलेस स्टीलला क्लोराइडची बाधा होते, म्हणून बोअरचे खारट पाणी न वापरता क्लोराइड ५० पीपीएमच्या आत असलेले पाणी घ्यावे आणि टेस्टनंतर ते पूर्ण काढून लाइन वाळवावी. वळ्यांच्या तळाशी साचून आटलेले पाणी तिथले क्लोराइड अधिक तीव्र करते.

होज, रबर आणि पावडरच्या स्लीव्ह

जाळी चढवलेला स्टेनलेस स्टीलचा होज बेलोजसारखाच वळ्यांचा असतो, पण त्याच्यावरचा रेटा ती जाळी घेते. म्हणून या होजला लांबीच्या दिशेने दाबू नये. दाबला की जाळी सैल पडते, वळ्यांवरून उठते आणि दाब आला की आतला होज तिथून फुगतो. तो बाक देऊनच बसवावा, आणि ज्या पातळीत बाक आहे त्याच पातळीत हालचाल व्हावी. दोन दिशांच्या हालचालीने त्याला पीळ पडतो. फिटिंग संपते तिथूनच वळण सुरू होऊ नये, थोडा भाग सरळ सोडावा. कसताना दोन पाने वापरावेत: एकाने होजची षटकोनी बाजू धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. होजवर आधी खडूने सरळ रेघ ओढून ठेवली, तर पीळ पडला का हे कसल्यानंतर लगेच कळते.

रबरी बेलोजची फ्लँज स्वतःच गॅस्केटचे (दोन फ्लँजांमधल्या गळती रोखणाऱ्या चकतीचे) काम करते, म्हणून समोर सपाट तोंडाची फ्लँज असेल तर वेगळे गॅस्केट लागत नाही. बोल्टचे डोके रबराच्या बाजूला घ्यावे. उलटे घातले, तर दाबाने फुगलेल्या रबराला बोल्टचे आटे कापतात. ईपीडीएम रबराला तेल किंवा ग्रीस लावू नये, ते फुगते. तेलाच्या लाइनला नायट्राइल रबर घ्यावे. टेफ्लॉनचे बेलोज मात्र दाबाखाली हळूहळू सरकतात, त्यामुळे लाइन एकदा तापून थंड झाल्यावर त्यांचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आणावे लागतात.

पावडरच्या प्लँटमधली स्लीव्ह किरकोळ वस्तू समजली जाते, आणि कदाचित म्हणूनच तिच्यामुळे होणारे नुकसान लवकर लक्षात येत नाही. चाळणी आणि हॉपर यांची तोंडे एकमेकांसमोर असली पाहिजेत आणि स्लीव्ह फटीपेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे चाळणी फिरताना ती ताणली जाणार नाही. फार लांब केली, तर तिच्या घडीत पावडर साचते. वजन करणारा हॉपर लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) उभा असेल, तर वरची आणि खालची स्लीव्ह मऊ आणि सैल असावी लागते. ताणलेली किंवा कडक स्लीव्ह हॉपरला धरून ठेवते आणि प्रत्येक बॅचचे वजन थोडे-थोडे चुकत राहते. पुन्हा कॅलिब्रेशन करून हा दोष जात नाही.

पावडर वाहताना स्थिर वीज साठते. स्लीव्ह वीज वाहून नेत नसेल, तर दोन्ही बाजूंचे धातूचे भाग स्वतंत्र तारेने अर्थ केलेले असावेत आणि त्या जोडणीचा रोध १० ओहमच्या आत असावा. रंगावर बसवलेला लग (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा) हा रोध वाढवतो, म्हणून तिथला रंग खरवडावा. स्लीव्ह बदलताना ही तार काढली जाते आणि पुन्हा लावायची राहून जाते, त्यामुळे काम परत घेताना मीटर लावूनच बघावे.

लाइन चालू झाल्यावर थंड असतानाची बेलोजची लांबी, गरम झाल्यानंतरची लांबी आणि त्या वेळचे तापमान नोंदवहीत उतरवून ठेवावे. ड्रॉइंगमध्ये ५४ मिलिमीटर हालचाल अपेक्षित असताना प्रत्यक्षात २० मिलिमीटरच मोजली गेली, तर बाकीची वाढ एखाद्या गाईडमध्ये अडकली आहे किंवा अँकर सरकला आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो गाईड किंवा अँकर लाइन फिरून त्याच दिवशी शोधावा.